इंग्रजीच्या मॅडमचा शत्रू

इंग्रजीच्या मॅडमशी कुणी गोड बोललं, की भाजीवाल्याने काटा मारला असावा अशा नजरेने त्या त्याच्याकडे पाहत. सौजन्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "गोड बोलणारा मानूस पहिल्या पन्नास पानांतच येते," त्या मला सांगत, "अन् मंग एक तर तो शेवटी बदमाश निघते, नाही तर नायिकेच्या लहान बहिणीशी त्याचं लग्न लावून देतात." ही पानं कोणत्या पुस्तकांतली, हे सानगडीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांचं म्हणणं, मॅडम जात्याच खडूस आहेत. तेही काही खोटं नव्हतं.

मी तिथे मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा मॅडम चाळिशीला टेकल्या होत्या. पवनीच्या एका कापडदुकानदाराची एकुलती एक मुलगी. आईवडील गेलेले, लग्न झालेलं नाही, सानगडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन एकट्या राहत. उत्तरपत्रिका परत देताना त्या पोराला एकच वाक्य ऐकवत आणि ते त्याला जन्मभर पुरत असे. "तुया निबंधातली गाय तिसऱ्या ओळीत मेली, पुरून तरी टाकाची होती," असं ज्याला ऐकवलं तो आज साकोलीत मोठा ठेकेदार आहे, आणि भेटला की अजून त्या गाईचा विषय काढतो. पोरं त्यांना चळचळा कापत, पण त्यांचा तास कुणी बुडवत नसे. माझ्या तासाला मी लाडाने बोलायची आणि मागचे दोन बाक झोपलेले असायचे.

त्यांच्या टेबलावर खाकी कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक कायम असे. कव्हरवर लेबल, लेबलवर सुवाच्य अक्षरात 'ग्रामर'. एकदा पंख्याच्या वाऱ्याने कव्हर सुटलं आणि आतून रेशमी झग्यातली एक गोरी बाई निघाली. तिच्या मागे घोडा, आणि घोड्याच्या अलीकडे शर्टाची वरची बटणं लावायला विसरलेला एक तरुण. मी ते पाहिलं आणि मॅडमनी मला पाहताना पाहिलं. त्यांनी शांतपणे कव्हर परत चढवलं आणि म्हणाल्या, "लांजेवार, वाचाचं असन तर मांगून ने. तोंड उघडलं तर पुढल्या वर्षी परीक्षा विभाग तुया गळ्यात बांधीन." आमची मैत्री अशी धमकीने सुरू झाली.

दोनशे वर्षांमागच्या इंग्लंडातल्या प्रेमकथा होत्या त्या. नागपूरच्या फुटपाथवरून मॅडम त्या रद्दीच्या भावात आणत, पुढे फोनवर वाचू लागल्या. गोष्ट दर वेळी तीच. एक गर्विष्ठ जहागीरदार, एक फटकळ मुलगी, पहिल्याच भेटीत त्याने केलेला अपमान, मग तीनशे पानं टोमणे, आणि शेवटी एवढा मोठा माणूस तिच्यापुढे हात जोडून उभा. मी दोन वाचल्या आणि म्हटलं, "मॅडम, या ड्यूक लोकांना दुसरं काही काम नसतं का? धान कापायचं नाही, बैल बांधायचे नाहीत." त्या म्हणाल्या, "तुले समजलंच नाही. तो दिवसभर तिचाच विचार करून राहिला असते. तेच त्याचं काम. माया लावणारे लय भेटतात, लांजेवार. आपल्यावर ध्यान ठेवून भांडणारा एखादाच असते."

त्या कथांत त्यांना परदेशी काहीच वाटत नसे, आणि याचं कारण त्यांनी मला एकदा साकोलीच्या बसस्टँडवर सांगितलं. "तिथल्या पोरीच्या नावावर घर नाही, जमीन नाही. बापाच्या मागं सगळं चुलत्याच्या पोराले. तिच्याकडं फक्त तोंड. माया पवनीत का अलग होतं? अन् त्यांचा लग्नं जुळवाचा सीझन लंडनमध्ये नाचगाण्याचा, आपला तुळशीचं लग्न लागल्यावर जीपमध्ये." जीप म्हणजे मुलगी पाहायला निघालेल्या मंडळींची. आमच्याकडे तेव्हा नवरदेवाकडची माणसं भाड्याची जीप करून निघत आणि एका भाड्यात जितकी घरं होतील तितकी उरकत. सकाळी एका गावात पोहे, दुपारी दुसऱ्या गावात पोहे, संध्याकाळी तिसऱ्या घरी नुसता चहा, कारण पोटात जागा नसे. संध्याकाळच्या घरची मुलगी त्यामुळे बहुधा नापसंतच होई.

माझ्या संसाराबद्दल मॅडमना खरीखुरी कीव होती. माझा नवरा भांडत नाही. मी काहीही म्हटलं तरी तो 'बरं' म्हणतो आणि पेपर उघडतो. "तुयं पुस्तक पहिल्याच पानावर सरलं," त्या म्हणाल्या होत्या, आणि वर मला चहा पाजला. मला राग आला, आणि घरी जाऊन मी नवऱ्याशी उगाच भांडून पाहिलं. तो 'बरं' म्हणाला.

मॅडमच्या स्वतःच्या पुस्तकातला जहागीरदार स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरच बसत असे. गणिताचे कापगते सर. एकोडीचे, घरची धानाची शेती, रोवणीच्या दिवसांत पँटच्या मोहरीला चिखल घेऊनच वर्गावर येणारे. तिघे भाऊ, बहीण नाही. राखीच्या दिवशी सर रिकामं मनगट दाखवत फिरत आणि "आमाले कोन बांधते बापा" म्हणत. मॅडम रुजू झाल्या त्या पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "मॅडम, हे खुर्ची माई हाये." पंख्याखालची ती एकच खुर्ची. मॅडम म्हणाल्या, "नाव कुठं लिहिलं आहे?" दुसऱ्या दिवशी सरांनी खडूने खुर्चीवर नाव लिहिलं. मॅडम त्या नावावर बसल्या आणि दिवसभर साडीला लागलेला खडू मिरवत हिंडल्या. तिथून जे युद्ध सुरू झालं ते मी रुजू होईपर्यंत जुनं झालं होतं. खिडकी उघडायची की लावायची, चहात अद्रक घालायचं की नाही, तास कुणी कुणाचा घेतला. "मॅडम, तुमची पोरं इंग्रजीत नापास होतात, पन भांडनात मेरिटमध्ये येतात," सर म्हणत. मॅडम म्हणत, "तुमचा जन्म शाळेच्या कागदावर दोन वर्षं उशिरा झाला, सर. तुमच्या बापानं तेवढं एक गणित बरोबर सोडवलं." हे खरंच होतं. शाळेत नाव घालताना सरांचं वय कमी सांगितलेलं, त्यामुळे वयाने मोठे असून ते मॅडमच्या मागून निवृत्त होणार होते.

मला या भांडणाची मजा वाटायची, कारण त्यामागचं मला ठाऊक नव्हतं. ते त्या बसस्टँडवरच, जीपचा विषय निघाला तेव्हा कळलं. मॅडम चोवीस-पंचवीसच्या असताना एकोडीची एक जीप पवनीला त्यांच्या दारात आली होती. नवरदेव कापगते. ट्रेमधून चहा नेला, समोर बसल्या. त्याने विचारलं, "स्वयंपाक येते का?" यांनी विचारलं, "तुम्हाला येतो का?" तो हसला होता, असं मॅडम सांगत. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला, की मुलगी चांगली आहे, पण ती घरात आली तर घरात तिचंच चालेल. नकार ऐकून वडील दोन दिवस जेवले नाहीत. मॅडमना मात्र त्या नकाराचं कौतुक वाटलं. "बाकीचे म्हणायचे, रंग सावळा आहे, उंची जास्त आहे. यानं एका कप चहात मले पूर्ण वाचलं, लांजेवार. घाबरला तो. घाबरते तो ध्यानात ठेवते."

पुढे नोकरी लागली ती नेमकी याच माणसाच्या शाळेत, आणि तो समोर येऊन म्हणाला, ही खुर्ची माझी आहे. ओळख दाखवली नाही, पवनीचा उल्लेख नाही. मॅडमनी त्याचा अर्थ त्यांच्या व्याकरणाप्रमाणे लावला. गर्विष्ठ माणूस आहे, चूक कबूल करायची लाज वाटते, म्हणून भांडतो. दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघंही बोलत नाहीत, यात त्यांना कोण आनंद होता. मी एकदा धीर करून म्हटलं, "मॅडम, सर सगळ्यांशीच असं बोलतात. काल शिपायाला म्हणाले, तू घंटा वाजवतो का मयताला बोलावतो. बैलांशीसुद्धा असंच बोलत असतील." मॅडमचा चेहरा दगडासारखा झाला. "शिपायाशी बोलताना ते मान वर करत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्याच सुमारास बँकेतल्या एका सभ्य गृहस्थांचं स्थळ त्यांना सांगून आलं होतं. बायको वारलेली, मूल नाही, स्वभावाने गरीब. ते स्वतः शाळेत आले, स्टाफरूमच्या दाराशी चपला काढल्या आणि म्हणाले, "तुमचं इंग्रजी फार छान आहे असं ऐकलं." मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "तुमचं मराठीही छान आहे. इतकं छान की ऐकता ऐकता झोप येते." गृहस्थ कानापर्यंत लाल झाले, पाणी पूर्ण प्यायले, कारण अर्धा पेला ठेवणं त्यांना बरं वाटलं नसावं, आणि चपला घालून गेले. कापगते सर खो खो हसले. ते हसले म्हणून मॅडमचा तो दिवस सणासारखा गेला. त्या बँकेतल्या माणसाने पुढे लाखनीच्या एका शिक्षिकेशी लग्न केलं. भाजी आणायला दोघं बरोबर जातात, मी पाहिलंय. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, मॅडम त्या दिवशी नुसत्या फटकळ नव्हत्या, दुष्ट होत्या.

कापगते सरांचं लग्न त्या जीपच्याच हंगामात कुठेतरी झालं होतं, दोन मुलंही होती. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्या भांडणावर समाधानी होत्या. पण एका उन्हाळ्यात सरांची बायको काविळीने गेली आणि गोष्ट बदलली. आम्ही सगळे एकोडीला भेटायला गेलो. मॅडम बायकांत बसल्या. सर शाळेत परतले ते मेल्यासारखे. महिनाभर कुणाला टोमणा नाही, अद्रकाचा चहा आला तरी पितात, न आला तरी पितात. स्टाफरूममध्ये सगळे हळू आवाजात त्यांच्याशी गोड बोलत होते. मग एके दिवशी मॅडम उठल्या आणि सरांच्या अंगावर ऊन येईल अशी खिडकी सताड उघडली. "तुमच्या दुःखानं खोलीत कोंदट वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या. आमच्या माना खाली गेल्या. सरांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "मॅडम, तुमाले नरकात भी खिडकीजवळचीच जागा भेटन." आणि हसले. त्या क्षणी मीसुद्धा मानलं, की मॅडमचं व्याकरण बरोबर असेल.

तेव्हापासून त्या शेवटच्या प्रकरणाची वाट पाहू लागल्या. उघडपणे नाही. पण स्नेहसंमेलनाला आम्ही सर्व शिक्षिकांनी गुलाबी साड्या नेसायचं ठरवलं तेव्हा त्या हिरवी नेसून आल्या, आणि विचारल्यावर भर स्टाफरूममध्ये खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गुलाबी रंग मेल्यावर भी माया अंगावर नाही पडला पाहिजे." सर समोरच डबा खात होते. मला हळूच म्हणाल्या, "ऐकून ठेवलं असन त्यानं. पुढं कामी येईन."

वर्षं गेली. सर मुलांच्या शिक्षणात, मुलांच्या लग्नांत अडकले. मॅडमच्या निवृत्तीचा दिवस आला. आमच्याकडे निरोप समारंभाची एक रीत आहे. सत्कारमूर्तीवर चारपाच जण बोलतात, शाल-श्रीफळ होतं आणि सर्वांत शेवटी सत्कारमूर्ती उत्तराला उभी राहते. कापगते सर कधीच कुणाच्या निरोपाला बोलत नसत, भाषणं चालू असताना बाहेर तंबाखू मळत बसत. त्यांनी या वेळी स्वतःहून प्राचार्यांना सांगितलं, "इंग्लिश मॅडमवर मी बोलनार हावो." ही बातमी मीच मॅडमना दिली. त्या पुस्तक वाचत होत्या, पान उलटायचं विसरल्या. "तो आधी बोलन, मंग मी," त्या म्हणाल्या. "असंच असते. आधी त्यालेच बोला लागते."

उत्तराचं भाषण त्यांनी पंधरा दिवस घोकलं. मला घरी बोलावून ऐकवलं. त्यात पवनी होती, जीप होती, ट्रे होता, आणि "त्या दिवशी तुम्ही घाबरलात सर, आज पुन्हा विचारून पाहा" असं एक वाक्य होतं, जे म्हणताना या खडूस बाईचा आवाज एखाद्या पोरीसारखा कापला. मी म्हटलं, "मॅडम, एवढ्या लोकांसमोर?" त्या म्हणाल्या, "अपमान भी लोकांसमोरच झाला होता ना." समारंभाला त्या मधाच्या रंगाची कोशाच्या रेशमाची साडी नेसून आल्या. मी त्यांना इतकं देखणं कधी पाहिलं नव्हतं.

कापगते सर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मॅडम अतिशय मनमिळाऊ होत्या." सभागृहात हशा पिकला. सर्वांना वाटलं, सर टिंगल करताहेत. मॅडमच्या ओठांवरही हसू आलं, आता खरं वाक्य येणार या तयारीचं. पण सरांचे डोळे भरलेले होते. त्यांनी खिशातून कागद काढला. मॅडम मितभाषी होत्या, मॅडम सर्वांशी मिळूनमिसळून वागत, मॅडमचा स्वभाव शांत. मागच्या वर्षी शिपाई निवृत्त झाला तेव्हा प्राचार्यांनी हेच म्हटलं होतं. हशा विरत गेला आणि लोक गंभीर चेहरे करून ऐकू लागले. शेवटी सरांनी कागद खाली ठेवला आणि मनापासून बोलले. "मॅडमले मी पहिल्यांदा पाहिलं ते इथंच, या शाळेत. खुर्चीपाशी उभ्या होत्या. त्याच्या आधी कधी, कुठंच पाहिलं नोहतं. पन असं वाटलं, का हे आपल्या घरचंच मानूस हाये."

टाळ्या वाजल्या. मी मॅडमकडे पाहिलं. त्या सरांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ज्याने एका कप चहात आपल्याला वाचलं असं त्या अर्धं आयुष्य समजत आल्या, त्याला तो चहा आठवतही नव्हता. तो दिवसभरात तिसरा असेल किंवा चौथा. 'घरात तिचंच चालेल' हा निरोपही मध्यस्थाने किंवा सरांच्या आईने आपल्या मनचा ठोकून दिला असणार. वैर धरायलासुद्धा समोरच्याला आपण आठवावं लागतं, आणि सरांच्या लेखी मॅडम म्हणजे खुर्चीसाठी भांडणारी एक सहकारी, बस.

मग उत्तरासाठी त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या, माइकपाशी गेल्या. पवनीचं भाषण गिळलं आणि सर्वांचे सेवाज्येष्ठतेने आभार मानू लागल्या. कापगते सरांपाशी आल्यावर थांबल्या. तो चेहरा मी ओळखत होते. वर्गात पोराला जन्मभर पुरेल असं वाक्य बोलण्याआधी तो असाच होत असे. "कापगते सर," त्या म्हणाल्या, "मला सख्ख्या भावासारखे आहेत." जमेल तेवढ्या धारेने त्यांनी तो वार केला होता. आणि सर हमसून हमसून रडू लागले. खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी मॅडमना वाकून नमस्कार केला.

मी त्यांना स्कूटीवरून घरी सोडलं. दारात उतरल्यावर शालीची घडी नीट करत म्हणाल्या, "मनमिळाऊ. त्या मानसाले मी पंचवीस वर्षं घोडे लावले, लांजेवार, अन् त्यानं मले मनमिळाऊ म्हटलं."

त्या दिवाळीत भाऊबीजेला सकाळीच एकोडीहून मोटारसायकल आली. मी मॅडमकडे फराळाचं घेऊन गेले होते, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. सर नवा सदरा घालून, डोक्याला तेल लावून, एका हातात नव्या तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात साडीचं खोकं घेऊन उभे. "ताई, हावो मी," ते म्हणाले. मॅडम दारात तशाच राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी पाट मांडला, ताटात दिवा ठेवला, सुपारी ठेवली. सर पाटावर टोपी घालून बसले, लहान मुलासारखे खूश. मॅडमनी त्यांना कुंकू लावलं आणि ओवाळलं. खोक्यात गुलाबी साडी होती. "चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. सर गेल्यावर त्यांनी ती ट्रंकेत टाकली. "सख्खा म्हणाले नोको होतं," त्या म्हणाल्या. "चुलत म्हटलं असतं तर राखीवर भागलं असतं."

पुढे दर भाऊबीजेला सर आले आणि दर वर्षी साडी गुलाबी असे. एकदा ऐकवलेला रंग त्यांच्या डोक्यात शिरला होता खरा, पण कसा ते देव जाणे. बाकी भाऊ म्हणून त्या माणसाने काही कमी केलं नाही. गॅस संपला तर गॅस, छत गळलं तर कवेलू, बरं नसलं तर मुलाची गाडी दारात. मॅडम त्यांना पूर्वीपेक्षाही वाईट बोलत आणि ते मान डोलवत, "बहीन बोलते तं आयका लागते." मी एकदा म्हटलं, "मॅडम, सांगून टाका ना त्यांना. आता काय बिघडणार आहे?" त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. त्या अजून तशाच गोष्टी वाचत, फक्त समेट व्हायच्या आधी वाचणं सोडून देत. "काय सांगू? तुम्ही मले पाहाले आले होते, असं? अन् त्यानं इचारलं, कोन्त्या घरी व ताई, तं मंग मी काय करू?" त्यांनी फोन उचलला.

गेल्या पावसाळ्यात पोटाचं दुखणं निघालं आणि ते साधं नव्हतं. भंडाऱ्याला, मग नागपूरला, सगळीकडे कापगते सर बरोबर. तिथे नर्सने विचारलं, "तुम्ही कोण?" सर म्हणाले, "भाऊ." मॅडम खाटेवर होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. शेवटी शेवटी मी वाचून दाखवायची. एकदा म्हणाल्या, "ज्या पानावर ते भांडते ना, तेच वाच. बाकी राहू दे." मी तेच पान वाचत राहिले, त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, आणि मला रडू येत होतं ते त्यांना दिसू नये म्हणून आवाज चढवून भांडत राहिले.

दिवाळीच्या चार दिवस आधी त्या गेल्या. सरांनी भाऊबीजेची साडी आधीच घेऊन ठेवली होती, ती घेऊन आले. आमच्याकडे गेलेल्या बाईच्या अंगावर पहिलं कापड भावाचं पडतं. पवनीहून चुलत पुतण्या येईपर्यंत थांबायचं होतं, तर सर अंगणात पुडकं मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "लांजेवार मॅडम, एक इचारू? ताईनं लगन काहून नाही केलं? एवढी शिकली, एवढी चांगली. कोनी पाहाले आलं नसन का?"

"आला होता एक," मी म्हटलं.

"मंग?"

"त्याच्याकडून नकार आला."

सर चिडले. म्हातारपणी त्यांना चिडताना मी पहिल्यांदा पाहत होते. "कोन गधा होता तो?"

माझ्या जिभेवर नाव आलं होतं. मॅडम असत्या तर हे वाक्य त्यांनी सोडलं नसतं, किंवा कदाचित हेच एक वाक्य त्यांनी सोडलं असतं. मी म्हटलं, "असाच कुणी. जीपमधून आला होता."

"हव, त्या वक्ती लय फिरत लोकं," सर म्हणाले. "मी भी फिरलो. किती पोरी पाहिल्या, एकीचं तोंड आठवत नाही. पोहे खाऊन पोट बिघडलं होतं, तेवढं आठवते."

आतून बायकांनी भावाच्या कापडासाठी हाक मारली. सर उठले, धोतराने डोळे पुसले आणि पुडकं माझ्या हातात दिलं. "ताईले आवडे तोच रंग हाये, पाहा," ते म्हणाले. मी आत गेले, घडी मोडली आणि ती गुलाबी साडी मॅडमच्या अंगावर घातली.